फौजदाराची शेवटची नऊ अंडी

कोंबडीच्या भरवशावर राहू नये हे थोरलीला कळत होतं, पण तिच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. सहा कोंबड्यांत खुडूक झालेली, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार असलेली, एकच होती, टिकली नावाची. म्हणून अठरा दिवसांपूर्वी तिच्याच पोटाखाली नऊ अंडी उबवायला ठेवली होती. आणि आज सकाळी शिवणयंत्रावरून उठून थोरली मागच्या अंगणात डोकावली, तर बाईसाहेब अंडी वाऱ्यावर सोडून राखेत खुशाल लोळत होत्या.

"अगं भवाने, तीन दिवस! तीनच दिवस राहिले होते!"

टिकलीने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा अंग घुसळायला लागली. तिला उचलून खुराड्यात बसवलं, वर टोपली झाकली, तर आत तिने असा थयथयाट केला की अंडी फुटायचीच बाकी राहिली. कोंबडीच्या डोक्यातून उबवायचं एकदा गेलं की गेलं. तिला शपथा घालून उपयोग नसतो.

ही अंडी साधी नव्हती. थोरली आणि धाकटी या दोघी जावा एकाच वर्षी या घरात आल्या. थोरली कपडे शिवायची, धाकटी प्रसूतिगृहात नर्स होती. पहिल्याच वर्षी दोघींनी मिळून डझनभर अंडी आणली, कुणाची तरी खुडूक कोंबडी उसनी घेतली आणि पिल्लं काढली. सासरी आल्यावर दोघींनी स्वतःच्या मनाने केलेली ती पहिली गोष्ट. आताच्या कोंबड्या म्हणजे त्या पिल्लांचीच नातवंडं-पतवंडं.

पुढे भावाभावांचं बिनसलं, आणि तेही कशावरून, तर गळक्या छपराचा खर्च कोणी करायचा यावरून. घराचे दोन भाग झाले, अंगणात पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. कोंबड्या सहा-सहा वाटून झाल्या. कोंबडा मात्र एकच, फौजदार. सुरी घेतल्याशिवाय त्याचे दोन वाटे होणार नव्हते. चिठ्ठ्या टाकल्या आणि तो धाकटीकडे गेला. फौजदाराला ही वाटणी अजिबात मान्य नव्हती. सकाळी धाकटीकडे आरवायचं आणि दुपारी भिंतीवरून उडी मारून थोरलीकडे यायचं, हा नेम त्याने शेवटपर्यंत पाळला. दोन्ही घरांत ये-जा असलेला तेवढा एकटाच.

जावांचं खरं तर भांडण झालंच नव्हतं. नवरे बोलत नाहीत म्हणून पहिला आठवडा त्याही गप्प राहिल्या, आणि मग 'मीच का आधी बोलू' यात अकरा महिने गेले. मागच्या महिन्यात एका भटक्या कुत्र्याने फौजदाराला धरलं. भिंतीपलीकडून धाकटीचं रडणं ऐकू आलं तेव्हा थोरली तिच्या दारापर्यंत गेली, हात वर केला आणि कडी न वाजवताच परत आली. त्या परत येण्याची तिला अजून लाज वाटत होती.

कोंबडा गेल्यावर जेमतेम आठ-दहा दिवस अंड्यांत जीव धरतो. धाकटीच्या कोंबड्यांनी तर कुत्र्याच्या धसक्याने अंडी देणंच सोडलं होतं, असं दूधवाला सांगत होता. म्हणजे फौजदाराची उरली ती ही नऊ. "बाजारात कोंबड्यांचा काय दुष्काळ पडलाय?" असं नवरा तीनदा म्हणून चुकला होता. त्याला काय सांगायचं? ही अंडी गेली, तर दोघींनी मिळून सुरू केलेलं काही म्हणून उरणार नव्हतं.

थोरलीने एक अंडं गालाला लावलं. कोमट होतं. दुसरं कानाशी धरलं, तर आत बारीकशी टकटक. मग मात्र तिने विचार केला नाही. नवऱ्याची लोकरीची कानटोपी ओढली, तिच्यात नऊ अंडी भरली, पोटाशी धरली आणि ती धाकटीच्या दारात जाऊन उभी राहिली. धाकटीकडे एखादी कोंबडी खुडूक आहे, हे मधूनमधून येणाऱ्या आवाजावरून तिने ओळखलं होतं. वाटेत तिने बोलायची जुळवाजुळव केली होती, पण दार उघडल्यावर तोंडातून निघालं ते एवढंच.

"टिकली उठली गं."

धाकटी नुकतीच कामावरून आली होती, अंगावर अजून गणवेश होता. तिने कानटोपीत हात घातला, एक अंडं गालाला लावलं आणि बाजूला झाली. "ये आत, ताई. लवकर."

मागच्या कोपऱ्यात खोक्यात तिची काळी कोंबडी बसली होती. आत्याबाई तिचं नाव. जवळ जाताच तिने पिसं फुलवली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला.

"कधी बसली ही?"

"काल. आज पाण्यात बुचकळून खुडूक मोडणार होते," धाकटी म्हणाली. "तू शाल धर तिच्या तोंडावर, म्हणजे अंधार होईल. मी खाली हात घालते. खालचं आधी साफ करते जरा."

आत्याबाईचा तुरा फिका पडला होता, छातीवरची पिसं झडून कातडी दिसत होती. एका दिवसात कुठल्या कोंबडीची अशी दशा होत नाही. एरवी थोरलीच्या नजरेतून हे सुटलं नसतं, पण तिचा सगळा जीव कानटोपीत होता. शाल काढली तेव्हा आत्याबाईने धाकटीच्या मनगटावर एक चोच हाणली आणि एकेक अंडं चोचीने आत ओढून घेतलं. थोरलीला हुंदका आला. धाकटी म्हणाली, "चहा घेतेस?" आणि दोघी चहा प्यायल्या. कोंबडीखेरीज कशाबद्दलही बोलल्या नाहीत.

पुढचे तीन दिवस थोरली 'नुसतं बघून येते' म्हणून दिवसातून चारदा जायची. एकविसाव्या दिवशी एका अंड्याला टोचा पडला. बारीकशी चोच बाहेर आली आणि तासभर तिथेच थांबली. थोरलीच्या नखांना खाज सुटली.

"थोडं कवच काढू का मी? दमलं असेल बिचारं."

धाकटीने तिच्या हातावर चापट मारली. "खबरदार! रक्त येईल त्याला. आमच्या प्रसूतिगृहात नवरे अशी घाई करतात, त्यांना मी बाहेर बसवते. तुला पण बसवू?"

थोरली मुकाट्याने हातावर हात ठेवून बसली. संध्याकाळपर्यंत तीन निघाली, दुसऱ्या दिवशी सकाळी सात झाली. दोन अंडी मात्र फुटलीच नाहीत. सातांतल्या एकाची मान फौजदारासारखी बिनपिसांची, उघडी होती, आणि ते पहिल्यापासूनच सगळ्यांच्या अंगावर चालून जात होतं.

त्या सकाळी थोरली टोपली घेऊन गेली. नवरा म्हणाला होता, "अंडी आपली, तर पिल्लंही आपली. घेऊन ये." टोपली बाजूला ठेवून ती आधी खोकं साफ करायला लागली. टरफलं उचलली, ओला पेंढा काढला, आणि अगदी तळाशी, कोपऱ्यात, तिच्या हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं.

बटाटा. त्याला बोटभर कोंब फुटले होते.

"हे काय गं?"

"बटाटा," धाकटी म्हणाली.

"ते दिसतंय मला. चार-पाच दिवसांत एवढे कोंब?"

धाकटीने तिच्या हातातून बटाटा घेतला आणि उगाच त्याची माती पुसायला लागली. "पाच होते. चार काढले, हा हाताला लागला नाही." मग ती एका दमात म्हणाली, "टिकली मागच्या खेपेलाही अठराव्या दिवशीच उठली होती, ताई. तू विसरलीस, मी नाही विसरले. तू तिला बसवलंस ते मला गच्चीवरून दिसलं. ही त्याच सुमारास खुडूक झाली. मी मोडली नाही, अंड्यांच्या जागी बटाटे ठेवले."

"अठरा दिवस? बटाट्यांवर?"

"उपाशी नव्हती ठेवली. रोज उचलून खायला घालत होते."

"अगं, मग एक हाक मारायची!"

"तू बोलत नव्हतीस."

"तू तरी कुठे बोलत होतीस?"

"बोलत नव्हते म्हणून तर बटाटे उबवत होते ना!"

थोरलीला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू. किती मूर्ख आपण, तिला वाटलं, आणि किती भाग्यवान. धाकटी तिच्या शेजारी खाली बसली आणि तिचंही तेच झालं. आत्याबाई दोघींवर खेकसली आणि पिल्लांना तिने पंखाखाली घेतलं.

एवढ्यात भिंतीपलीकडून थोरलीच्या नवऱ्याचा आवाज आला. "काय गं, किती आली आपल्या वाट्याला?"

थोरलीने डोळे पुसले. "पिल्लांचे वाटे नाही व्हायचे," ती ओरडून म्हणाली. "बघायची असतील तर इकडे या. दारातून या, भाऊजी घरीच आहेत."

मग पलीकडून थोरलीच्या घराच्या पुढच्या दाराची कडी काढल्याचा आवाज आला.