पाठीमागे ओतलेलं पाणी

मी एक जुनी तांब्याची झारी आहे. मित्रांनो, माझा जन्म काबूलच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. तंदूरवर नान भाजणाऱ्या शिरीनआगानं मला विकत घेतलं आणि लढाई पेटली तेव्हा आपल्या नव्या नवरीबरोबर, जरमीनाबरोबर, डोंगर ओलांडून रावळपिंडीला आणलं.

पाहुण्यांच्या हातावर पाणी घालणं हे माझं रोजचं काम. पण मला मिरवायला आवडे ते दुसरंच. घरातून कुणी प्रवासाला निघालं की जरमीना दारात येऊन त्याच्या पाठीमागे माझ्यातलं पाणी ओते. असं केलं की गेलेला माणूस सुखरूप परत येतो. पुढे घरात प्लास्टिकचा जग आला आणि माझी रवानगी फळीवर झाली. तरी कुणी निघालं की आठवण माझीच व्हायची, त्याचा मला भारी तोरा होता!

मग अफगाणांनी पाकिस्तान सोडावा असा हुकूम निघाला. एका सकाळी पोलीस आले आणि शिरीनआगाला पिठानं माखलेल्या हातांसकट गाडीत कोंबलं. जरमीना मला घेऊन धावली. पाणी हवालदाराच्या बुटांवर उडालं.

"ए बाई, अंगावर पाणी फेकतेस?"

"रीत आहे साहेब आमची. माणूस परत यावा म्हणून."

"परत कसला येतोय! सरळ सीमेपार जाणार तो."

आतून शिरीनआगा ओरडला, "अगं, माझं राहू दे, तंदूरमधले नान काढ आधी!"

नान जळालेच. त्याला जिथे डांबलं होतं त्या छावणीच्या फाटकाशी जरमीना रोज डबा घेऊन जाई आणि शिव्या खाऊन परत येई. शेवटी फोन आला तो सीमेपलीकडून. शिरीनआगा तिथे तंबूत एकटा होता, तापानं फणफणला होता.

जरमीनानं त्याच दिवशी बोचकी बांधली. मला मात्र तिनं शेजारच्या रशीदाच्या हातात दिलं. "ठेव तुझ्याकडे. तिकडे पाण्याचाच पत्ता नाही म्हणतात."

ट्रक दारात लागला. रशीदानं मला काठोकाठ भरलं. जरमीना म्हणाली, "नको ओतूस, रशीदा. परत आलो तर आम्हालाही कोंडतील. आणि त्याला तिथे टाकून मी कशाला परत येऊ?"

तिची मुलगी पलवशा याच गल्लीत जन्मली, इथल्याच शाळेत दहावीला होती. ती ट्रकमधून खाली उतरली आणि तिनं मला हिसकावून घेतलं.

"अगं वेडे, जाणाऱ्यानं स्वतः ओतायचं नसतं," रशीदा म्हणाली.

"मग तू ओत ना, खाला! अम्मा जातेय तिच्या घरी. माझं घर तर हेच आहे."

रशीदानं जरमीनाकडे पाहिलं. जरमीनानं तोंड फिरवलं, पण नाही म्हणाली नाही. मला रशीदाच्या हाती देऊन पलवशा पुन्हा ट्रकमध्ये चढली. ट्रक हलला आणि रशीदानं मला रिकामं केलं. मित्रांनो, त्या दिवशी मी रडले.

आता मी रशीदाच्या खिडकीत असते. पलवशा अजून आलेली नाही. मला चिंचेनं घासा, असं मी सांगणार नाही. काळी पडले तरी चालेल. पण शेजारच्या घरातून माणसं अशी उचलून नेली जातात, तेव्हा तुम्ही आतून कडी लावून घेऊ नका. पोलीस आले त्या सकाळी आमच्या गल्लीत एका रशीदाचं दार सोडलं तर सगळी दारं बंद होती.