उत्तरेकडचे ठोके

व्हर्लिनच्या पायमोज्यांत काळी वाळू सापडली, तेव्हाच आर्डिथला काय ते कळलं. छपरावरच्या डांबरी कौलांना जी बारीक खडी चिकटवलेली असते, तीच ही. म्हणजे गुरुवारी ती चर्चमध्ये बायकांबरोबर गोधड्या शिवत बसलेली असताना तिचा हा सत्त्याहत्तर वर्षांचा नवरा शिडी लावून वर चढला होता. ती गॅरेजमध्ये गेली. सगळी हत्यारं आपापल्या खिळ्यावर होती. गोल डोक्याची हातोडी तर धुऊन पुसून टांगलेली होती. हातोडी कोण धुतं? तिनं मोजे झटकून धुवायला टाकले आणि ती मूग गिळून बसली.

गारपीट होऊन नऊ दिवस झाले होते. नेब्रास्काच्या त्या टोकाला मे महिन्यात गारा पडणं ही काही बातमी नव्हे, पण या वेळच्या अंड्याएवढ्या होत्या. आर्डिथच्या बागेतल्या पिओनीच्या फुलांचा पार चोथा झाला. आणि सांगायला लाज वाटते, पण गारा तडातडा वाजत होत्या तेव्हा नवराबायकोला आतून कुठेतरी बरंच वाटत होतं. मार्चमध्ये विमा कंपनीचं पत्र आलं होतं. छप्पर अठरा वर्षांचं झालंय, थंडीच्या आत नवं घाला, नाहीतर पॉलिसी पुढे चालणार नाही. नवं घालायचं कशानं? आर्डिथच्या खुब्याच्या ऑपरेशनमध्ये शिल्लक होती नव्हती ती गेली होती. विम्याशिवाय त्या गावात घर ठेवायचं म्हणजे एका वादळात रस्त्यावर यायची तयारी ठेवायची. आता गारांनीच छप्पर फोडलं असेल तर कंपनीला ते बदलून द्यावं लागणार होतं. सगळं त्या एका क्लेमवर येऊन ठेपलं होतं.

त्या गुरुवारच्या आधी, रविवारी एफ्राइन येऊन गेला होता. गारांच्या मागोमाग टेक्सासहून ट्रक घेऊन येणारे जे छपरंवाले असतात, त्यांतला हा एक. गाव त्यांना गिधाडं म्हणतं आणि कामही त्यांनाच देतं. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. तासभर वर फिरला, खाली येऊन हात पुसत त्यानं सांगितलं की दक्षिण आणि पश्चिम उतारांवर भरपूर मार बसलाय. दहा फुटांच्या चौकोनात गारांचे आठ ठोके मिळाले की काम होतं, इथे त्याहून जास्त आहेत. उत्तरेला काही नाही, तर नसू दे. फक्त विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत कशालाही हात लावू नका.

व्हर्लिनचा त्यावर विश्वास बसला नाही. समोरच्या प्रुइटांच्या छपरावर गेल्या वर्षी सात ठोके निघाले होते आणि कंपनीनं काखा वर केल्या होत्या. त्या सातनं याच्या डोक्यात घर केलं होतं. रात्रंदिवस सात, सात.

शुक्रवारी सकाळी दहाला सर्व्हेअर आली. ब्रिजेट नाव, वय तिशीचं, बोलायला गोड. कमरेला खडूची पिशवी बांधून ती खारीसारखी वर गेली. आर्डिथ आणि व्हर्लिन अंगणात माना वर करून उभे होते. दक्षिणेला तिला दहा मिनिटं लागली, पश्चिमेला दहा. उत्तरेला गेली ती येईचना. व्हर्लिन फाटकाची कडी पुन्हापुन्हा घालून बघत होता.

खाली आल्यावर ब्रिजेटनं फोनवरचा फोटो समोर धरला. उत्तर उतारावरच्या ठोक्यांभोवती तिनं खडूनं गोल काढले होते. एका ओळीत पाच, खालच्या ओळीत पाच, त्याखाली पाच. प्रत्येकात वीतभर अंतर, तेही अगदी नेमकं.

"मिसेस क्लाउसन, गारा अशा रांगेत उभ्या राहून पडत नाहीत," ती म्हणाली.

आर्डिथनं नवऱ्याकडे बघायचं टाळलं. चाळीस वर्षं या माणसानं लोकांच्या घरात फरशा बसवल्या. एक सांधा कधी वाकडा गेला नाही, याचा तिला केवढा अभिमान! आयुष्यात एकदा लबाडी करायला निघाला, तर तीसुद्धा दोरी लावून केली. तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

ब्रिजेटनं फोन खिशात टाकला. आवाज खाली आणून ती म्हणाली, की हे घरच्यांनी केलं असेल तर मला तसं लिहावं लागेल. मग क्लेम बाद, पॉलिसी रद्द, आणि दुसरी कुठली कंपनी दारात उभं करणार नाही. पण हे फिरते छपरंवाले म्हाताऱ्या माणसांच्या घरांवर असले उद्योग करतात, हेही आम्हाला ठाऊक आहे. तसं असेल तर तुमच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. त्या माणसाचा परवाना मात्र जाईल. या राज्यात तो पुन्हा शिडीला हात लावणार नाही.

"वर कोण चढलं होतं?" तिनं विचारलं.

व्हर्लिननं तोंड उघडलं. आर्डिथ त्याच्या आधी बोलली.

"रविवारी एकजण आला होता. एफ्राइन म्हणून. टेक्सासचा पांढरा ट्रक आहे त्याचा."

ब्रिजेटनं लिहून घेतलं. मग फाटकापाशी थांबून सहज म्हणाली, "तसे दक्षिणेला अकरा निघाले आणि पश्चिमेला बारा. दोन बाजू गेल्या की आम्ही अख्खं छप्पर देतो. उत्तरेला कुणी काही केलं नसतं तरी तुमचं काम झालंच होतं."

ती गेल्यावर व्हर्लिन घरात आला. खुंटीवरची टोपी काढून त्यानं डोक्यावर ठेवली आणि तो दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला. कोपऱ्यावरच्या घरावर एफ्राइनची माणसं काम करत होती, ठोकाठोकी ऐकू येत होती. चालत गेलं तर दोन मिनिटं. आर्डिथ सिंकपाशी पाठ करून उभी होती. तिनं त्याला अडवलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं वळून पाहिलं, तर टोपी पुन्हा खुंटीवर होती आणि तो खुर्चीत बसला होता.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर मी आधी बोलले."

दुपारी ठोकाठोकी थांबली आणि पाचच्या सुमाराला दार वाजलं. दारात एफ्राइन होता, टोपी हातात घेऊन. भांडायला आलाय, आर्डिथला वाटलं. भांडला असता तर फार बरं झालं असतं.

"मॅडम, तुम्हाला सावध करायला आलो," तो म्हणाला. "ती विम्याची बाई माझ्याकडे आली होती. तुमच्या उत्तरेकडे कुणीतरी हातोडीनं ठोके मारलेत म्हणे. मी रविवारी पाहिलं तेव्हा नव्हते. माझ्यामागून दुसरं कुणीतरी चढलंय. ती शिडी बाहेर ठेवू नका, साखळी घाला तिला."

"तू काय सांगितलंस तिला?" व्हर्लिननं खुर्चीतूनच विचारलं. आवाज त्याचा वाटत नव्हता.

"म्हटलं, या घरच्यांवर शंका घेऊ नका. म्हातारा फरशीवाला आहे, त्याचं स्वयंपाकघर रविवारी पाहिलंय मी, तुम्हीही जाऊन बघा, एक रेघ इकडची तिकडे नाही. असला माणूस खोटं काम करेल का? शपथेवर सांगायला तयार आहे म्हटलं. माझा परवाना नंबर लिहून घेतलाय तिनं, ट्रकचा फोटोही काढला. साक्षीला लागत असेल."

व्हर्लिन आपल्या हातांकडे बघत होता. एफ्राइनला वाटलं, म्हातारा-म्हातारी घाबरली असतील.

"छप्पर तरी मिळालं ना पण?" त्यानं विचारलं.

"मिळालं," आर्डिथ म्हणाली.

त्याचा चेहरा खुलला. त्याला खरंच आनंद झाला होता. काम मिळणार म्हणून तर झालाच, पण त्यांच्यासाठीही झाला होता, आणि आर्डिथला तेच सोसवेना.

"मग सोमवारी येऊ मापं घ्यायला?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

"ये," आर्डिथ म्हणाली.