झालं तिकीट

कारखान्यात त्यांना सगळे थांबकाका म्हणत. कारखाना म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. दातांच्या दवाखान्यामागे दोन खोल्या. एकीत प्लास्टरची धूळ, दुसरीत मेणाचा वास. दवाखान्यातून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि काकांच्या हातून त्यांच्या कवळ्या होऊन जायच्या. हे काम घाईचं नाहीच. मेण निवेपर्यंत थांबावं लागतं, प्लास्टर धरेपर्यंत थांबावं लागतं. काकांनी हाच नियम संसारालाही लावला होता. फ्रिज घ्यायचा तर सेल लागेपर्यंत, आणि सेल लागला की त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते थांबत. बहुतेक वेळा खरोखर फायद्यात राहत, हीच त्यातली गोम होती.

त्यांची एकुलती एक लेक लग्न करून सातासमुद्रापार गेली होती. तिला दिवस गेले. पहिलंच बाळंतपण, तिला आई जवळ हवी होती. आईचा व्हिसाही आला. जावई फोनवर म्हणाले, "बाबा, तिकीट मी इथून काढतो."

"छे छे, ते माझ्याकडे लागलं," काका म्हणाले. "लांबच्या विमानाचं तिकीट कोणीही काढेल हो. कधी काढायचं, त्यालाच अक्कल लागते."

आणि काकांनी त्या विषयाचा अभ्यास मांडला. कुणी सांगितलं, तीन-चार महिने आधी काढावं. त्याच्या अलीकडेही महाग, पलीकडेही महाग. कुणी म्हणालं, आठवड्याच्या मधल्या वारी निघालं तर स्वस्त पडतं. केस कापणाऱ्याचं मत असं की एकच भाडं सारखं सारखं बघितलं की कंपनीला वास लागतो आणि ती मुद्दाम भाव चढवते. हे काकांना इतकं पटलं की ते एकदा स्वतःच्या फोनवर बघत, एकदा बायकोच्या, आणि एकदा कारखान्यात मेणाचं काम करणाऱ्या बाईच्या.

"काका, मला दिवसभर विमानांच्या जाहिराती येतात," ती कुरकुरायची. "नवरा विचारतो, पळून चाललीस की काय?"

एका संध्याकाळी भाडं खरंच उतरलं. सरळ विमान, मध्ये कुठे बदलायची भानगड नाही, आणि दर असा की काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला. बोट बटणापर्यंत गेलंही होतं. पण उतरायला लागलंय म्हणजे अजून उतरेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. थांबू जरा. सकाळी बघू.

त्याच संध्याकाळी मेहुणा बायकोला घेऊन जेवायला आला होता. ताटावर बसल्या बसल्या त्याने विषय काढला. "काय दाजी, ताईचं तिकीट निघालं की अजून मुहूर्त बघताय?"

मेहुण्याची बायको फिसकन हसली. काकांच्या बायकोने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान काकांना झोंबली आणि तोंडातून निघून गेलं, "झालं तिकीट."

"काय सांगता! कितीला?"

काकांनी मघाशी बघितलेला आकडा सांगितला. मेहुण्याचा घास हातातच राहिला. "दाजी, मानलं बुवा तुम्हाला!"

बायकोने काकांच्या ताटात न विचारता आणखी वाढलं. काकांच्या मते हे खोटं नव्हतंच. खरंच होतं, फक्त एक रात्र आधी बोललेलं.

सकाळी भाडं दीडपट झालं होतं.

काकांनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. आकडा तोच. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, चढलंय ते उतरेल, आपण काय आज पहिल्यांदा वाट बघतोय? पण ते उतरेना. कुठल्याशा सुट्ट्या जवळ आल्या होत्या. आठवड्याभरात सरळ विमानातल्या स्वस्त जागा संपल्या आणि उरलेल्यांकडे बघवेना. आता काढावं तर खात्यातून गेलेली रक्कम बायकोला दिसणार. न काढावं तर दिवस भराभर चाललेले.

आणि घरात बायकोच्या आनंदाला पारावार नव्हता.

"अहो, खिडकी मिळाली का?"

"मिळाली."

"पंखाजवळची नाही ना? तिथे फार आवाज येतो म्हणे."

"नाही गं. चांगली पुढची आहे."

प्रत्येक उत्तरासरशी काका स्वतःभोवती भिंत चढवत होते. शेजारणीला दाखवायला तिला तिकिटाचा कागद हवा होता. कारखान्यातला प्रिंटर बिघडलाय, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते प्रिंटरकडे असे काही बघत बसले की मेणवालीने विचारलं, "काका, त्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

कामावरही परिणाम होऊ लागला. एका गवयाची कवळी करायची होती. काकांनी बसवलेल्या मागच्या दाढा इतक्या उंच झाल्या की पुढचे दात एकमेकांना टेकेचनात. माणूस तोंड मिटायला गेला की ओठ उघडेच. डॉक्टरांनी कवळी परत पाठवली. कारखान्याच्या मालकांनी ती हातात फिरवून बघितली आणि म्हणाले, "तुमच्या हातून असं होत नाही. घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," काका म्हणाले.

संध्याकाळी ते मुद्दाम एखादी बस सोडून देत. घरी जाऊन करायचं काय? दार उघडलं की समोर ती उघडी बॅग. बायको रोज तिच्यात काही ठेवायची, काट्यावर चढवायची, पुन्हा काढायची. बाळासाठी विणलेला स्वेटर, लेकीचा जुना आवडता गाऊन. काकांना बॅगेला वळसा घालून आत जावं लागे, आणि आत गेल्यावर बाहेर पडायला कुठूनच वाट नसे.

रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. तिचा चेहरा सुजला होता.

"आई, माझं ब्लडप्रेशर वाढलंय. डॉक्टर म्हणतात, बाळ लवकर काढावं लागेल. बाबा, तिकिटाची तारीख अलीकडे आणता येईल का हो?"

काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तारीख बदलली म्हणायचं! जास्तीचे पैसे बदलाचे म्हणून सांगायचे. नवं तिकीट निघेल, बायको पोचेल, आणि कुणाला कधी काही कळणार नाही. सरळ विमानात अजून जागा होत्या, त्यांनी सकाळीच बघितलं होतं. महाग होत्या, पण होत्या.

"का नाही? आणू की!" ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा श्वास मोकळा झाला.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "बदलायला किती लागतील?"

काकांनी अंदाजे सांगितलं.

"एवढे? मग नको."

"अगं, नको काय? लेक बोलावतेय."

"तुम्ही डोळ्यांत तेल घालून ते तिकीट काढलंत. माझ्यासाठी एवढं कधी केलं नव्हतं तुम्ही. ते मी मातीत घालणार नाही. मी ठरलेल्या तारखेलाच जाते. तिची सासू आहे तिथे, मी समजावते तिला."

हे काकांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते तिला पटवू लागले. पैशांचं बघून घेऊ म्हणाले, रागावले, हात जोडले. पण ती बधेना; उलट ते जितकं पटवत तितकं तिला त्यांचं कौतुक वाटे. यात दोन दिवस गेले. मंगळवारी सरळ विमानातल्या जागा संपल्या. त्या संध्याकाळी बायको लेकीला आपला नकार कळवायला फोन हातात घेऊन बसली, तेव्हा काका तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तिकीट नाहीये."

"म्हणजे? रद्द झालं?"

इथेही एक दार उघडं होतं. काकांना ते दिसलं. "नाही," ते म्हणाले. "काढलंच नव्हतं. त्या दिवशी तुझ्या भावासमोर बोलून गेलो. सकाळी काढणार होतो."

तिने हातातला फोन बाजूला ठेवला.

"आणि खिडकी?"

"खिडकी पण नाही."

"प्रिंटर?"

"चालू आहे."

"मी सगळ्यांना सांगत सुटले," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी काढलं, आमच्या ह्यांनी काढलं. आणि तिथे पोरगी वाट बघतेय आणि मी तुमच्या तिकिटाला जपत बसले!" तिचा आवाज फाटला. तिने पदराने नाही, हाताच्या पालथ्या मुठीने डोळे पुसले. "तुमचा फोन आणा. आत्ता. माझ्यासमोर काढा."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं बसले. जे उरलं होतं त्यात दोनदा विमान बदलायचं होतं आणि जागा मधली होती. त्याच पानावर खाली दिसत होतं की शनिवारी निघालं तर भाडं निम्म्यावर येतं. काकांचे ओठ आपोआप हलले. "जरा थां—"

बायकोने त्यांच्या हातातून फोन घेतला. "कुठे दाबायचं?"

काकांनी दाखवलं. तिने दाबलं.

ती उभ्या जन्मात एकटी गावाबाहेर गेली नव्हती. विमानतळाच्या दारात तिने गॅस बंद करायची आठवण करून दिली, दूधवाल्याचं सांगितलं, आणि वळून न बघता आत गेली.

ती वाटेतल्या दुसऱ्या विमानतळावर बाकावर बसलेली असताना लेकीचं ऑपरेशन झालं. मुलगी झाली. जावयाचा निरोप आला तेव्हा काका कारखान्यात होते. हात प्लास्टरने भरलेले, म्हणून मेणवालीने वाचून दाखवला. दोघी सुखरूप आहेत, आई अजून पोचल्या नाहीत. मेणवालीने अभिनंदन केलं. काकांनी मान हलवली आणि नळाखाली हात धुवायला गेले, ते कितीतरी वेळ धूतच राहिले. रविवारीच खरं बोलले असते तर ती वेळेत पोचली असती.

चार दिवसांनी बायकोने फोनवर नात दाखवली. काकांना राहवलं नाही. "मी रविवारीच सांगितलं असतं तर तू असतीस तिथे."

"हो," ती म्हणाली. ना राग, ना माफी. मग म्हणाली, "बघा, जांभई देतेय."

"परतीचं तिकीट बघायला लागू का?"

"नको. माझं मी ठरवेन आणि मी काढेन. लेकीने शिकवलंय."

काका रिकाम्या घरात तिची वाट बघत राहिले. या वाट बघण्यात कुठलाच भाव उतरत नव्हता. मेहुण्याला त्यांनी एकदा घरी जाऊन सगळं खरं सांगून टाकलं. तो हसला नाही, ते त्यांना जास्त जड गेलं.

ती आली ती ऐन सुट्ट्यांच्या गर्दीत, वर्षातल्या सगळ्यात महाग आठवड्यात. किती पडले, हे काकांनी विचारलं नाही. टॅक्सीत ती नातीबद्दल बोलत राहिली. कुणासारखी दिसते, कशी रडते, कुठल्या कुशीवर झोपते. मग म्हणाली, "ऑपरेशनला नेताना लेकीने नर्सला सांगितलं होतं, माझी आई येतेय, दार लावू नका."

काका बाहेर बघत होते. रस्त्यावर नेहमीची रहदारी होती.

"पुढे सांग," ते म्हणाले.