ताईच्या आवाजाखाली

“तुझा हात सारखा खाली कुठे जातो रे?” गाणं संपता संपता मास्तरांनी विचारलं. ते कीबोर्डवर वाकलेलेच होते. तोंड लोकांकडे, हसू जागच्या जागी, आणि शब्द दातांच्या फटीतून. “मधेच ढब्ब, मधेच टण्ण. एका गाण्यात तीन-तीन बास वाजतायत.”

बास गिटारवाल्याने मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे मास्तरांना कळलं नाही. कळून घ्यायचा नाद त्यांनी केव्हाच सोडला होता. बँडमध्ये सगळे त्याला मुका म्हणत. जीभ होती, पण ती तो जपून वापरी.

हॉटेलच्या तळमजल्यावरच्या जेवणाच्या हॉलात, सुट्टीच्या दिवशी दुपारी, हा बँड वाजवायचा. स्टेज कसलं, वीतभर उंचीचा लाकडी पाट. मागे स्वयंपाकघराचं झुलतं दार. ते उघडलं की बशांचा खणखणाट गाण्यात घुसायचा. एका कोपऱ्यात मास्तर, दुसऱ्यात ड्रमवाला, मध्ये मुका, आणि सगळ्यांच्या पुढे माइकपाशी ताई.

ताई ही त्याची सख्खी मोठी बहीण. पण वयाने थोर असलेले मास्तरसुद्धा तिला ताईच म्हणत. आई गेली तेव्हा मुका शाळेत होता. ताईने कॉलेज सोडलं आणि गायला लागली. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, “आधी याला बोलता येऊ दे, मग बघू.” तो काही फार बोलता झाला नाही आणि तिचंही राहूनच गेलं. मुक्याचा संसार झाला, पण टिकला नाही. शेवटी दोन खोल्यांत बहीणभाऊच उरले. गिटारही तिनेच आणून दिली होती. “तुला बोलायचं नसतं ना, मग हे वाजव,” ती म्हणाली होती. “हे वाजतंय तोवर कुणाचं लक्ष नसतं. थांबलं की मात्र सगळे वळून बघतात.”

बास वाजवणाऱ्यांत दोन जाती असतात. काही जण दर गाण्याला गिटारवरचा टोनचा नॉब फिरवतात. संथ गाणं आलं की बंद, म्हणजे सूर जाड, गोल, उशीसारखा. जलद गाणं आलं की उघडा, म्हणजे तारेचा टणत्कार, बोटांचं घासणंही ऐकू येतं. दुसरे एकदा लावतात आणि मग तो नॉब असल्याचंच विसरतात. मुका या दुसऱ्या जातीचा. टोन बोटात असतो, असं त्याचं मत. धारदार हवा असेल तर तो हात खाली, तारा टेकतात त्या घोडीकडे सरकवी, मऊ हवा असेल तर वर गिटारच्या मानेकडे नेई. नॉब अर्ध्यावर. कित्येक वर्षं अर्ध्यावरच.

“याचा नॉब म्हणजे माझा मेहुणा,” ड्रमवाला म्हणायचा. “आहे, पण कधी फिरकत नाही.”

मग ताईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. डॉक्टर म्हणाले, “जिवावरचं टळलं. बोलण्यापुरता आवाज नक्की येईल.” बोलण्यापुरता या शब्दाकडे त्या वेळी कुणी पाहिलं नाही. ताईने पाहिलं असेल तर तिने दाखवलं नाही.

आवाज आला, पण पुरता आला नाही. खालचे सूर नुसते वाऱ्यासारखे यायचे. आणि वर एका जागी, पूर्वी जिथे ती डोळे मिटून सहज जायची तिथे, आवाज कागदासारखा टरकायचा.

परत उभी राहिली त्या पहिल्याच दुपारी मुक्याला ते ऐकू आलं. मुखड्यात तिचा आवाज खाली होता आणि त्याच्या तारेची धार नेमकी त्याच्यावर बसत होती. त्याने एक सूर लांबवला आणि तेवढ्यात करंगळीने नॉब बंद केला. बास खाली सरकला. ताईचे शब्द वर आले. अंधुक, पण आले. अंतऱ्यात ती वर निघाली तेव्हा त्याला आधीच कळलं की आता फाटणार. त्याने नॉब पुरा उघडला, हात घोडीपाशी नेला आणि तार जोरात ओढली. टण्ण! त्या आवाजात ते टरकणं बुडालं. जेवणाऱ्यांतल्या कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

त्यानंतर हेच चाललं. कुठल्या गाण्यात कुठल्या शब्दाला उघडायचं आणि कुठे बंद करायचं हे त्याच्या करंगळीला पाठ झालं. मास्तर चिडत. साउंडवाला म्हणे, “तुमच्या गिटारचं वायरिंग बघून घ्या.” मुका मान हलवी.

हॉटेलच्या मॅनेजरला नवीन आवाज हवा होता. तसं तो उघड बोलत नव्हता. “जरा फ्रेश काहीतरी,” एवढंच मास्तरांच्या कानावर घालायचा. मास्तर म्हणाले, “साहेब, आधी एकदा नीट रेकॉर्ड करून ऐका. तुमच्या जाहिरातीलाही होईल.” मास्तरांचा ताईवर जीव होता. आपण तिची बाजू सावरतोय असंच त्यांना वाटत होतं.

रेकॉर्डिंग झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलच्या मागच्या खोलीत सगळे ऐकायला बसले. मॅनेजर अजून यायचा होता. खोलीत रचलेल्या खुर्च्या, दुमडलेले टेबलक्लॉथ आणि फिनेलचा वास. ताई एका खुर्चीवर, गळ्याशी रुमाल बांधून. साउंडवाल्याने सगळी वाद्यं आणि ताईचा आवाज वेगवेगळा घेतला होता. गाणं लागलं. ऐकायला बरंच वाटलं. ड्रमवाला म्हणाला, “ताई, अजून कुणाची टाप नाही तुमच्यापुढे.”

“बासमध्ये काहीतरी खटकतंय,” साउंडवाला म्हणाला. “थांबा, एकट्याचाच लावतो. वायर कुठे सुटते ते कळेल.”

“राहू दे,” मुका म्हणाला.

तो स्वतःहून बोलला याचंच सगळ्यांना नवल वाटलं. तोवर साउंडवाल्याने बाकीचं सगळं बंद केलं होतं.

नुसता बास वाजू लागला. ढब्ब, ढब्ब, गोधडीत गुंडाळल्यासारखा. ताईचे ओठ सवयीने हलू लागले. मुखडा ती मनातल्या मनात म्हणत होती. अंतरा आला. तिचे ओठ वरच्या शब्दापाशी पोचले आणि बास टण्णकन उघडला. शब्द सरला, बास पुन्हा मिटला.

ताईने भावाकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

दुसरा अंतरा. तोच शब्द, तोच टणत्कार. तिचे ओठ थांबले. पुढचं तिने नुसतं ऐकलं. जिथे जिथे आपला आवाज दगा देतो असं तिला आतून ठाऊक होतं, आणि जिथे तो कसाबसा निभावला म्हणून ती हायसं वाटून घेत होती, त्या प्रत्येक जागी बास तिच्यासमोर कुणी बोट ठेवून दाखवावं तसा वाजत होता.

“वायर नाही सुटलेली,” साउंडवाला म्हणाला. “हे मुद्दाम केल्यासारखं—” आणि बोलता बोलता गप्प झाला. मास्तरांनी चष्मा काढला.

“आता माझा एकटीचा आवाज लाव,” ताई म्हणाली.

“कशाला ताई, साहेब येतील एवढ्यात.”

“लाव रे.”

त्याने लावला. खोलीत दुसरं काही नव्हतं. त्या आवाजाला पांघरायला टेबलक्लॉथसुद्धा पुरले नसते. सगळं गाणं संपेपर्यंत ताई ताठ बसून राहिली. मग उठली, पर्स घेतली आणि म्हणाली, “बरं.”

घरी आल्यावर तिने कुकर लावला, कपडे आत घेतले. मुका स्वयंपाकघराच्या दारात उभा. शेवटी तीच बोलली. पाठमोरी.

“कधीपासून?”

“तू परत आलीस त्या दिवसापासून.”

“पहिल्याच दिवसापासून?”

“हं.”

“म्हणजे त्या दिवशी टाळ्या पडल्या त्या कुणाला?”

त्याने दाराची कडी उगाच वरखाली केली.

“मी घरी येऊन आरशात बघून हसले होते, ठाऊक आहे? म्हटलं, बाई, येतोय गळा हळूहळू जागेवर.” तिने ओटा पुसायला घेतला. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. “तुला सांगता आलं नाही? जन्मभर तुझ्या वाटणीचं मी बोलले. एवढं एक वाक्य तुला बोलता आलं नाही?”

“नाही आलं.”

“का?”

“तू गायची थांबली असतीस.”

ताई वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, आणि त्या रागाखाली आणखी काहीतरी होतं, ते त्याला बघवेना.

“लहानपणी तू पडलास की मी उचलत नव्हते,” ती म्हणाली. “उभी राहून बघायचे. तुझं तुला उठता यायचं. आठवतं? मग मला का झाकून ठेवलंस रे?” आवाज चिरकला. ती घोटभर पाणी प्याली. “परवाच्या कार्यक्रमात नॉबला हात लावायचा नाही. पूर्वी होता तिथे ठेवायचा. अर्ध्यावर. लावलास हात तर तुझी माझी बोलचाल बंद.”

“आपली बोलचाल तशीही...” तो म्हणाला.

तिला हसू आलं. मग ते हसू कुठल्या कुठे गेलं.

मॅनेजरने रेकॉर्डिंग ऐकलं, सगळी वाद्यं एकत्र असलेलं, आणि म्हणाला, “छान आहे की. चालू द्या.” मास्तरांनी ही बातमी मोठ्या उत्साहाने फोनवर सांगितली. ताई म्हणाली, “बरं झालं.”

कार्यक्रमाच्या दुपारी हॉल भरलेला होता. मुक्याने नॉब अर्ध्यावर ठेवला आणि करंगळी आत मुडपून घेतली. ताईने ठरलेलीच गाणी घेतली, एकही सोपं करून नाही की एकही सूर उतरवून नाही. मुखड्यात तिचे शब्द बासाखाली चेंगरले. मुका हात मानेकडे सरकवून मऊ वाजवू शकला असता. तेही त्याने केलं नाही. तिने नुसतं नॉबचं सांगितलं होतं, पण तिला काय म्हणायचं होतं ते त्याला कळलं होतं.

अंतरा आला. ताई वर निघाली आणि आवाज सगळ्यांच्या देखत फाटला.

काही झालं नाही. एका माणसाने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा ताटात घातली. एका लहान मुलीने आईला काहीतरी विचारलं, आईने तिच्या तोंडात घास दिला. झुलतं दार उघडलं, बंद झालं. ताई गात राहिली. फाटला तिथे पुन्हा फाटला. तिने एकाही ओळीला माइक लांब धरला नाही. मुक्याची बोटं चालत होती, पण डोळ्यांपुढे गिटारच्या मानेवरच्या पट्ट्या दिसत नव्हत्या. ड्रमवाला मान खाली घालून इतकं हळू वाजवत होता की जणू आत कुणी आजारी झोपलंय.

शेवटचं गाणं संपल्यावर ती माइकमध्ये म्हणाली, “धन्यवाद. जेवण सावकाश होऊ द्या.” मग मास्तरांपाशी जाऊन त्यांच्या हातावर हात ठेवला. “नवीन मुलगी बघा मास्तर. चांगली बघा.”

मुका गिटार पिशवीत घालत होता. “मीही सोडतो,” तो म्हणाला.

“तू वाजवायचंस,” ती म्हणाली. “घरात दोघं गप्प बसलो तर भिंतीसुद्धा बोलायला लागतील.”

नवीन मुलगी आली. आवाज मोकळा, खणखणीत. पहिल्याच दिवशी ती मुक्याला म्हणाली, “काका, तुमचा टोन थोडा उघडा ठेवाल का? मला सूर धरायला बरं पडतं.” त्याने उघडला. मग तो तसाच राहिला. ती मुलगी चांगली गायची आणि तिला कशाचीच गरज नव्हती.

ताई घरी असे. शेजारच्या बाईंच्या नातवाचा अभ्यास घेई, बाजारहाट करी. गाणं नाही, गुणगुणणंसुद्धा नाही. रेडिओ मात्र मुद्दाम बंद करायची असंही नाही. लागला असला तर लागलेला. आवाजाचा वापर सुटला तसा तो आणखी बसत गेला. जाडाभरडा झाला. दुकानदाराला काही विचारलं की तो मान वर करून आधी कोण बोललं ते बघायचा.

एकदा दुपारी मुका घरी आला तेव्हा दार लोटलेलं होतं. आत ताई इस्त्री करत उभी होती, फोन खांद्याशी धरून. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलणारा होता, दारापर्यंत ऐकू येत होतं. त्याच्या आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. पंचविसाव्याला ताई गायल्या होत्या, आई अजून आठवण काढते, या वेळीही त्याच हव्यात, असं तो सांगत होता.

“ताई आहेत का?” त्याने विचारलं.

ताईने इस्त्री उभी केली. “बोला,” ती म्हणाली.

“हॅलो? तुम्ही कोण बोलताय साहेब? त्यांचे भाऊ का?”

मुका दारात थबकला. तिची पाठ त्याच्याकडे होती.

“हो,” ताई म्हणाली. “भाऊच बोलतोय.”

“मग जरा ताईंना देता का?”

“ती आता गात नाही.” मग ती म्हणाली, “पण आईंना नमस्कार सांगा. त्यांना आठवण आहे म्हटल्यावर तिला फार बरं वाटेल. मी सांगतो तिला.”

तिने फोन ठेवला, सदऱ्याची कॉलर पाटावर नीट पसरली, आणि इस्त्री पुन्हा हातात घेतली.