माझ्या काठाखालचं नाव

मित्रांनो, माझ्या काठाखाली एक नाव कोरलेलं आहे. वाचलंत तरी मोठ्यानं वाचू नका. मी एक जुना पितळी गंज आहे, म्हणजे अख्ख्या पंगतीचं वरण एका वेळी शिजेल एवढं मोठं पातेलं, आणि त्या नावाची मला फार लाज वाटते.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कारागिरांनी ठोकून ठोकून मला गोल केलं आणि नागपूरला, इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात धाडलं. सत्तर सालच्या सुमारास सक्करदऱ्याची गोपिका तिथे आली. तिनं मला बोटानं वाजवून पाहिलं, आत डोकं घालून पाहिलं, दुकानदाराशी मनसोक्त घासाघीस केली आणि रिक्षात मांडीशी धरून मला घरी नेलं. ती गिरणीतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खानावळ चालवायची. तिचा नवरा रुपराव एका कचेरीत चपराशी होता. त्याचा पगार गावच्या शेतीत जिरायचा, घर चालायचं ते खानावळीवर. मीही तिच्याच मिळकतीतून आलो होतो.

मोहल्ल्यात लग्न निघालं की घरोघरची भांडी गोळा होत. ती आपापल्या घरी परत यावीत म्हणून प्रत्येकावर नाव घालून घ्यायची रीत होती. नाव घालणारा नत्थू हातोडी-छिन्नी घेऊन ओसरीवर बसला आणि म्हणाला, "बाई, नाव काय टाकू?"

गोपिकानं पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव ती घेत नसे.

"घरधन्याचं टाक," एवढंच ती म्हणाली.

"आता घरधन्याचं नाव मले काय सपनात पडते?" नत्थू हसला. "गंज तुमचा, तं तुमचंच टाकतो."

"नको गा! बाईचं नाव पाहून लोक हासतीन."

शेवटी शेजारची सुभद्रा म्हणाली, "रुपराव टाक. तिच्या तोंडून निंगायचं नाही ते." गोपिका लाजून आत पळाली. घरातल्या साऱ्या भांड्यांवर तेच नाव पडलं. मला तर मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं. मूर्खासारखा मी मिरवत होतो.

किती वर्षं मी चुलीवर काढली! गोपिकाचं वरण सारे कामगार नावाजायचे. रोज दुपारी ती मला चिंच लावून असं घासायची, की माझ्यात बघून कुंकू लावावं.

मग त्या दोघांचं पटेनासं झालं. चूक कोणाची, ते मी सांगणार नाही. घरातलं सगळं भांड्यांच्या कानावर पडतं, म्हणून सगळंच बाहेर सांगायचं नसतं. जातीतल्या पंचांसमोर काडीमोड ठरली आणि संसाराची वाटणी करायला सगळे अंगणात बसले. वडीलधारे चंपतराव मधे होते. त्यांना सगळे आबाजी म्हणत.

"भांडण नको. सरळ हिसाब," ते म्हणाले. "ज्याचं नाव, त्याचं भांडं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आबाजी चष्मा लावून एकेक भांडं उचलू लागले. "रुपराव. हेही रुपराव." एका बाजूला ढीग वाढत गेला. गोपिकाच्या पुढ्यात माहेरचा एक तांब्या आणि एक ताट, एवढंच.

माझी पाळी आली तेव्हा ती उठून उभी राहिली. "आबाजी, बाकी सारं जाऊ द्या. मले फक्त हा गंज द्या. याच्याबिगर माही खानावळ बंद पडते. तो माह्या कष्टाचा हाय."

"मंग त्याच्यावर नाव त्याचं काहून?"

गोपिकानं पुन्हा पदर तोंडाला लावला. सुभद्रा कळवळून म्हणाली, "तिनंच टाकाले लावलं, आबाजी. नवऱ्याचा मान म्हणून."

आबाजींनी रुपरावाकडे पाहिलं. "तू काय म्हणतं गा?"

त्याला सगळं ठाऊक होतं. एक शब्द पुरला असता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "कायदा साऱ्याईले सारखा हाय."

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. पण कोणी वाजवल्याशिवाय भांडं बोलत नाही, आणि त्या दिवशी मला कोणी वाजवलं नाही.

रुपरावानं मला नव्या खोलीत नेलं. एकट्या माणसाला एवढ्या गंजाचं काय काम? त्यानं मला खाटेखाली सारलं आणि माझ्यात जुने जोडे ठेवले. ज्या पोटात अन्न शिजलं, त्यात जोडे! इकडे गोपिकाची खानावळ मोडली. ती लोकांच्या घरी स्वयंपाकाला जाऊ लागली.

पुढे सुभद्राच्या मुलीचं लग्न निघालं. मोहल्ल्यातल्या भांड्यांबरोबर मलाही मागून नेलं. रांधायला गोपिकाच होती. तिनं मला ओळखलं. आत हात घातला, जोड्यांचा वास आला असावा. ती चिंच घेऊन घासत बसली. काठाखाली तिचा हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला. त्या दिवशी माझ्यात वरण शिजलं आणि मी क्षणभर लाज विसरलो.

मांडव मोडताना नावं वाचून भांडी वेगळी काढली जात होती. सुभद्रा हळूच म्हणाली, "घेऊन जाय वं तू. हरवला म्हणून सांगतो मी त्याले."

गोपिकानं मला उचललं. वाटलं, आता घरी निघालो. पण तिनं मला रुपरावाच्या भांड्यांत नेऊन ठेवलं.

"नको वं," ती म्हणाली, "नाव हाय ना त्याचं."

घरी आल्यावर रुपरावानं माझ्यात वाकून पाहिलं. त्याला वरणाचा वास आला असेल. त्यानं पुन्हा जोडे ठेवले नाहीत, पण मला उचलून तिच्या दारी नेण्याइतकी हिंमतही त्याला झाली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या भांड्यांवरही नावं असतील. ती भांडी कोणाच्या कष्टाची आहेत ते आजच विचारून घ्या, घर एकत्र आहे तोवर. आणि माझ्यावर एक उपकार करा. गोपिका अजून सक्करदऱ्यातच राहते. तुमच्यापैकी कोणी मला उचलू शकत असेल, तर तिच्या चुलीवर नेऊन ठेवा. ती नाव दाखवून परत न्यायला सांगेल. तुम्ही ऐकू नका.