अकीकीनं दिलेलं उत्तर

कोबुसिंगे सहा आठवडे शाळेत शिकवायला गेली नव्हती. सकाळी उठून चूल पेटवायची, एवढंही तिच्याच्यानं होईना. चौथीच्या मुलांच्या वह्या टेबलावर तशाच पडून होत्या. तिचा नवरा म्वेसिगे चहाच्या कारखान्यात कामाला. जाताना तो तिच्या उशाशी उकडलेली केळी ठेवायचा आणि संध्याकाळी ती तशीच उचलायचा. शेवटी तिची थोरली बहीण आली आणि तिला आंघोळ घालून फोर्ट पोर्टल शहरातल्या एका दवाखान्यात घेऊन गेली.

आई गेल्यापासून या बहिणीनंच तिला वाढवलं होतं. नाव कबाहुमा, पण टोरो लोकांत प्रत्येकाला एक लाडाचं नाव असतं आणि जवळची माणसं त्याच नावानं हाक मारतात. म्हणून थोरली अकीकी आणि धाकटी अब्वोली.

तरुण डॉक्टरनं झोप, भूक, जीव नकोसा होतो का, सगळं विचारलं. मग पेन थांबवून म्हणाला, "यापूर्वी कधी याच्या उलट झालं होतं? झोप नको, तोंडाला खळ नाही, अंगात दहा जणांचं बळ आल्यासारखं?"

कोबुसिंगेला जीभ हलवणंही जड झालं होतं. तिनं बहिणीकडे पाहिलं.

"छे हो!" अकीकी म्हणाली. "गरीब गाय आहे ती. हिचा आवाज शेजाऱ्यांनासुद्धा ठाऊक नाही."

"नक्की ना? औषध त्यावरच ठरतं."

"मी वाढवलीय तिला. मला नाही माहीत, तर कुणाला?"

डॉक्टरनं नैराश्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या.

तिसऱ्या आठवड्यात ती गुणगुणत उठली. म्वेसिगेच्या जिवात जीव आला. पण चौथ्या आठवड्यात तिला झोपच नकोशी झाली. तिनं वर्गाच्या भिंती पिवळ्या रंगवल्या, मुख्याध्यापकांना मुलांसमोर मूर्ख म्हटलं, आणि एका दुपारी सोळा मुलं घेऊन बर्फाला हात लावायला रुवेन्झोरी डोंगराच्या वाटेला लागली. मुलं मजेत गात होती. अंधार पडायच्या सुमारास पंधरा सापडली. सोळावी मुलगी चहाच्या मळ्यात रडत बसलेली मिळाली तेव्हा तिच्या आईनं कोबुसिंगेचा गळाच धरला.

तिला सरकारी इस्पितळाच्या मानसिक विभागात ठेवलं. आठवड्याभरानं डोकं जरा ताळ्यावर आलं. न्याकाटो नावाच्या वयस्क नर्स पाणी द्यायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "परत आलीस होय पोरी? मागच्या वेळी झाडांना पाढे शिकवत होतीस."

"मागच्या वेळी म्हणजे?"

"नऊ वर्षं झाली की. याच खोलीत. बहिणीनं सांगितलं नाही तुला?"

गजांची खिडकी कोबुसिंगेला आठवत होती. पण ती तापातली आठवण आहे, असंच घरात सांगितलं होतं.

अकीकी दुपारी डब्यात नाचणीचा गोळा आणि घेवड्याचं कालवण घेऊन आली.

"अकीकी, नऊ वर्षांपूर्वी मला काय झालं होतं?"

"मलेरिया. डोक्यात चढला होता. कितीदा सांगू?"

"न्याकाटो सिस्टर बाहेर आहेत. बोलावू त्यांना?"

अकीकी झाकण उघडता उघडता थांबली. "तुझं लग्न ठरत होतं, अब्वोली. म्वेसिगेच्या घरचे येऊन गेले होते. हे कानावर गेलं असतं, तर पुन्हा उंबरा चढले असते का ते?"

"तेव्हाचं राहू दे. गेल्या महिन्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा?"

"दार उघडं होतं गं. बाहेर म्वेसिगेची मावशी बसली होती. आणि मला वाटलं, या खेपेला नुसती उदासच तर आहेस..."

"दोनदा विचारलं त्यानं. औषध त्यावरच ठरतं, म्हणाला. एखादं पोर नदीत गेलं असतं तर?"

"मी तुझ्या आईच्या जागी..."

"म्हणून तर तुझ्याकडे पाहिलं मी!"

डबा तसाच परत गेला.

आजार एकच, त्याची टोकं दोन, असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आधीच्या गोळ्या थांबवून लिथियम नावाचं औषध सुरू केलं. ठराविक दिवसांनी रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, आपल्या मनानं गोळी सोडायची नाही. जुनी हकीकत माहीत असती तर त्या गोळ्या एकट्या कुणी दिल्याच नसत्या, असंही त्या म्हणाल्या.

नवऱ्याला तिनं स्वतःच सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघींनी मिळून फसवलं मला."

"मलाच माहीत नव्हतं."

"हे तरी खरं कशावरून?"

घरी सोडलं त्या दिवशी तो आला, तिची पिशवी त्यानं उचलली, पण वाटेत एक शब्द बोलला नाही. शाळेनं वर्ग काढून घेतला आणि पुस्तकांच्या खोलीत बसवलं.

तीन महिन्यांनी तपासणीला निघाली तर अकीकी न बोलावता फाटकाशी हजर. डॉक्टरीणबाईंनी झोपेचं विचारलं आणि अकीकीनं सवयीनं तोंड उघडलं.

"ती बाहेर बसेल," कोबुसिंगे म्हणाली आणि उठून दार लावून आली.

मग तिनं एकेक सांगितलं. या आठवड्यात दोन दिवस झोप कमी झाली. बोलणं भरभर होतंय, ते म्वेसिगेच्या लक्षात आलं. सकाळी त्यानंच तसं म्हटलं. कित्येक दिवसांनी तो तिच्याशी बोलला होता, तेही याबद्दल.

बाहेर अकीकी बाकावरच होती. "काय म्हणाल्या गं?"

"ते माझं मी बघेन," कोबुसिंगे म्हणाली आणि रक्त द्यायला गेली.