इमामसाबांचा डंक

मित्रांनो, लोखंडी मुसळांचा मी एक जुना डंक आहे. तिखट, हळद, मसाले कुटणे हे माझे काम. सोलापुरात नवी पेठेमागच्या बोळात, इमामसाबांच्या गाळ्यात माझी चाळीस वर्षे गेली. मोटार सुरू झाली की माझी चारही मुसळे पाळीपाळीने उचलली जात आणि खालच्या उखळांत आदळत. त्या धडधडीने शेजारच्या भिंतीवरची भांडीसुद्धा नाचत.

उन्हाळ्यात बायकांची रांग लागे. पदर नाकाला लावून त्या शिंकत आणि भांडतही.

"इमामसाब, माझ्या मिरचीत हिची मिसळू नका. हिची नुसती रंगाला हाय!"

"व्हय, आन् तुझी नुसती तोंडाला!" दुसरी म्हणे.

इमामसाब हसत, मूठभर ज्वारी कुटून उखळ स्वच्छ करत आणि मगच पुढचा डबा घेत. माझ्या ठोक्यावरून त्यांना कूट कितपत झाला ते कळे. ते दिवस आठवले की आजही बरे वाटते.

पुढे तयार तिखटाच्या पुड्या आल्या. रांग आटली, माझ्या पट्ट्यावर धूळ साचली. अखेर इमामसाबांनी भंगारवाल्याला शनिवारी यायला सांगितले.

त्याच आठवड्यात जवळच्या कुंभारी गावची पूनम आली. टॉवेलच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिने शेंगाचटणीचा धंदा मांडला होता. आडतीवरून शेंगदाण्यांची पोती आली, लसणाचा व्यापारी ठरला, नवे दळणयंत्रही आले. पण टेंभुर्णीच्या जोतिराम हॉटेलवाल्याने पहिलाच डबा परत केला होता. तिच्याकडे दुसरे गिऱ्हाईक नव्हते.

"चाचा, ते म्हणाले, ताई, ही चटणी न्हाय, पीठ हाय. शुक्रवारी बरी न्हाय आली तर दुसरीकडनं घेतो."

"जोरात बोल, पोरी. चाळीस वर्षं ह्याच्याशेजारी बसलोय."

ती ओरडून बोलली. तेव्हा मला प्रथमच उमगले, की त्यांचे कान माझ्या ठोक्यांनी गेले होते. ज्याने मला तेल घालून जपले, त्याचेच मी एवढे मोठे नुकसान केले होते.

इमामसाबांनी धूळ झटकली, पूनमने आणलेले भाजलेले दाणे, लसूण, जिरे, तिखट, मीठ उखळांत घातले. कूट होऊ लागला तशी पूनम म्हणाली, "अजून बारीक करू की!"

"तीच चूक केलीस तू. ठेव हितं हात." त्यांनी तिचा तळहात माझ्या चौकटीवर टेकवला. "दाणा कोरडा हाय तवर ठोका कडक. तेल सुटलं की मऊ होतो. तितंच थांबायचं."

पूनम डोळे मिटून थांबली. ठोका मवाळ झाला आणि तिने स्वतःच बटण बंद केले. उखळात चटणी तेलकट, रवाळ झाली होती.

शुक्रवारी जोतिरामने भाकरीबरोबर ती खाल्ली आणि दर आठवड्याला वीस किलो मागितली. शनिवारी भंगारवाला रिकाम्या हाताने गेला.

आता मी कुंभारीत पूनमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. इमामसाब दर गुरुवारी माझे पट्टे तपासायला येतात. मोटार सुरू करण्याआधी पूनम स्वतःच्या आणि कामावरच्या बायकांच्या कानांत कापसाचे बोळे घालते. "आता कशाला?" म्हणणाऱ्या इमामसाबांनाही ती सोडत नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राला तेल द्या, त्याला भंगारात लोटण्याआधी एकदा चालवून पाहा. पण यंत्राशेजारी जो माणूस बसतो, त्याची काळजी आधी घ्या. माझे मुसळ झिजले तर नवे घडवता येते.